अंदाजपत्रकाचा तोल आणि भुकेल्याचा घास

दरवर्षी फेब्रुवारी महिना लागला की मध्यवर्ती सरकारचे अंदाजपत्रक लोकसभेपुढे येते, आणि त्यानंतरचे चार-आठ दिवस सुशिक्षित घरांतून, विशेषतः रात्रीच्या पंगतीस, अर्थशास्त्राला ऊत येतो. एरवी ज्यांस वाण्याच्या वहीतील बेरीज पडताळून पाहण्याचाही कंटाळा, तेही त्या दिवसांत राष्ट्राच्या तुटीवर अधिकारवाणीने बोलू लागतात. या बोलण्यात बहुधा दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, सरकार लोकांस फुकट धान्य व फुकट पैसे वाटून देश कर्जात बुडवीत आहे. दुसरा म्हणतो, जे राज्य आपल्या दरिद्री प्रजेच्या मुखी दोन घास घालू शकत नाही, त्याची शिल्लक घेऊन काय करावयाचे आहे? २०२२ साली पंतप्रधानांनी एका भाषणात ‘रेवडी’ हा शब्द वापरल्यापासून पहिल्या पक्षास एक आयते शस्त्रच मिळाले आहे. दोन्ही पक्षांत आमचे स्नेही आहेत. परंतु दोघांचेही म्हणणे ऐकताना आम्हांस असे वाटत आले आहे की, जो प्रश्न सर्वांत आधी विचारावयास हवा तो दोघेही विचारीत नाहीत. दिला जाणारा पैसा कोणाच्या पदरचा, हे देणाऱ्याने देतेवेळीच सांगितले होते काय?

हा प्रश्न आम्ही पुस्तकी हौसेने विचारीत नाही. एके काळी आपल्याच महाराष्ट्राने त्याचे सरळ व स्वच्छ उत्तर दिलेले आहे, आणि त्या उत्तराचा अल्पसा भार आमच्यासारख्या पगारदारांनी वर्षानुवर्षे उचललेला आहे. ती हकीकत पुढे येईलच. तत्पूर्वी तूट म्हणजे काय ते थोडक्यात पाहू.

२०२५-२६ च्या मध्यवर्ती अंदाजपत्रकात एकंदर खर्च सुमारे ५०.६५ लक्ष कोटी रुपये धरला होता. कर्ज वगळून इतर सर्व मार्गांनी येणारी जमा होती सुमारे ३४.९६ लक्ष कोटी. उरलेले सुमारे १५.६९ लक्ष कोटी रुपये कर्ज काढून उभे करावयाचे होते. यासच राजकोषीय तूट म्हणतात, आणि देशाच्या एकंदर उत्पन्नाशी तिचे प्रमाण ४.४ टक्के धरले होते. त्याच वर्षी जुन्या कर्जाच्या व्याजापोटी द्यावयाची रक्कम होती सुमारे १२.७६ लक्ष कोटी. दोन आकडे शेजारी शेजारी मांडून पाहावेत. नवे कर्ज शंभर रुपयांचे काढले तर त्यातील एक्याऐंशी रुपयांइतकी रक्कम केवळ मागील कर्जाच्या व्याजात जाणार! सावकाराच्या ओसरीवर ज्या घराची अशी अवस्था झाली असेल त्या घराविषयी आपण काय बोललो असतो, ते वाचकांस सांगावयास नको.

तथापि घराची उपमा राज्यास सर्वांशी लागू पडत नाही, हेही येथेच सांगितले पाहिजे. घरचा कर्ता पुरुष साठीनंतर थकतो. राज्याचे तसे नाही. आज कर्ज काढून बांधलेल्या धरणाचे पाणी नातवांच्या शेतास मिळणार असेल, तर त्या कर्जाचा काही भाग नातवांनी फेडावा यात अन्याय नाही. कर्ज काढून विहीर खणणे निराळे आणि कर्ज काढून रोजची भाजी आणणे निराळे. दुसऱ्या प्रकारच्या कर्जास महसुली तूट असे नाव आहे, आणि २०२५-२६ साली तीही सुमारे ५.२४ लक्ष कोटींची होती. आणखीही एक भेद आहे. एका घराने दिवाळीचा खर्च आवरला तर वाणी उपाशी मरत नाही. परंतु सगळ्या गावाने एकाच वर्षी हात आखडला तर वाण्याचे दुकान, त्याचा नोकर आणि नोकराची चूल ही तिन्ही ओळीने विझतात. अवर्षणाच्या किंवा साथीच्या वर्षी सरकारने इतरांबरोबर आपलाही हात आखडावा, हा हिशेबीपणा नव्हे. २०२०-२१ साली कोरोनाच्या साथीत मध्यवर्ती सरकारची तूट ९.२ टक्क्यांवर गेली. त्या वर्षी तोल सांभाळण्याच्या नादाने रेशनचे धान्य रोखले असते, तर तो तोल कोणत्या कामाचा होता?

राजाने प्रजेचे पोषण करावे की कोश राखावा, हा वाद आपल्याकडे फार जुना आहे. कौटिल्याने कोश हे राज्याच्या सात अंगांपैकी एक मानले आणि सर्व उद्योगांचा आरंभ कोशापासून होतो असे बजावले, म्हणून त्यास कृपणांचा आचार्य समजण्याची चाल पडली आहे. परंतु त्याच ग्रंथात बालक, वृद्ध, रोगी व अनाथ यांचे भरणपोषण राजाने करावे असेही सांगितले आहे. आणि दुर्भिक्षाच्या प्रकरणात राजाने प्रजेस बी-बियाणे व अन्न पुरवावे, किंवा अन्न देऊन तिच्याकडून दुर्ग व बांध यांची कामे करवून घ्यावीत, असा स्पष्ट उपदेश आहे. दुष्काळी कामाची कल्पना आम्ही इंग्रजांपासून शिकलो असे समजणाऱ्यांनी तेवढे प्रकरण अवश्य चाळावे. रघुवंशाच्या पहिल्याच सर्गात कालिदासाने दिलीप राजाच्या करास सूर्याची उपमा दिली आहे. सूर्य पृथ्वीवरचे पाणी शोषून घेतो तो अनेक पटींनी परत देण्यासाठीच. वर्गात ही उपमा शिकविताना एका चौकस विद्यार्थ्याने आम्हांस विचारले होते, “गुरुजी, सूर्य कधी पाणी उसने आणतो का हो?” त्या वेळी सारा वर्ग हसला. आजचे आकडे पाहताना मात्र तो प्रश्न पुनःपुन्हा आठवतो.

इंग्रजी अमदानीत या प्रश्नाने जे स्वरूप घेतले ते महाराष्ट्राने अंगावर सोसले आहे. १८७६ ते ७८ च्या महादुष्काळात हिंदुस्थान सरकारास खर्चाची चिंता इतकी लागली, की सर रिचर्ड टेंपल यांजकडून दुष्काळी कामांवरील मजुरी उतरविण्यात आली. दिवसभर खडी फोडणाऱ्या मजुरास सुमारे एक रत्तल धान्य व वर किरकोळ पैसे. मुंबई इलाख्यातील हजारो मजूर कामे टाकून निघून गेले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. येथे तोल अंदाजपत्रकाचा राखला, मोडला तो माणसांच्या पाठीचा कणा.

पुढे १८७८ साली सरकारास एक चांगली बुद्धी सुचली. दुष्काळ हे काही आकस्मिक संकट नव्हे, ते ठराविक काळाने येणारच; तेव्हा त्यासाठी दरसाल दीड कोटी रुपये बाजूस काढून ठेवावे, असे ठरले. त्याकरिता व्यापार-उदीम करणाऱ्यांवर लायसन टॅक्स बसविला. कर बसविणे कोणालाच गोड वाटत नाही. सुरतेस त्या वर्षी दंगलही झाली. तथापि तत्त्व बरोबर होते, कारण कर कोण देणार व कशासाठी देणार हे दोन्ही उघड होते. दुर्दैव असे की, पुढील वर्ष-दोन वर्षांतच अफगाण युद्धाचा खर्च अंगावर आला आणि दुष्काळासाठी म्हणून उभारलेली ती रक्कम तिकडे वळली. इंग्लंडात ग्लॅडस्टन साहेबांनीही त्यावर टीकेची झोड उठविली. भुकेल्याच्या नावाने घेतलेला पैसा दुसरीकडे खर्चिला की पुढच्या वेळी कर देणारा देताना शंभरदा विचार करतो. हे नुकसान पैशाच्या नुकसानीहून मोठे.

आणखी चोवीस वर्षांनी याच्या उलट देखावा दिसला. १८९६-९७ व १८९९-१९०० असे दोन भयंकर दुष्काळ पडून गेले होते, आणि तरीही सरकारच्या अंदाजपत्रकांत वर्षामागून वर्ष शिल्लक दिसत होती! २६ मार्च १९०२ रोजी वरिष्ठ कायदे कौन्सिलात नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी अंदाजपत्रकावर आपले पहिले भाषण केले. त्या वेळी त्यांचे वय अवघे ३५ वर्षांचे होते. शिल्लक म्हणजे सुबत्ता, असा जो सरकारी डौल होता तो त्यांनी त्या दिवशी उतरविला. रयतेकडून गरजेपेक्षा अधिक कर घेतल्याने ही शिल्लक पडते. मिठासारख्या जिनसेवर, जी गरिबास श्रीमंताइतकीच लागते, मणामागे अडीच रुपये कर चालू असता शिलकेचा अभिमान कसला, हा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. दुसऱ्याच वर्षी, १९०३ साली, मिठावरील कर मणामागे दोन रुपयांवर आला, आणि पुढील चार वर्षांत तो एक रुपयापर्यंत उतरला. फर्ग्युसन कॉलेजातील एका प्राध्यापकाने आकड्यांच्या बळावर कर्झन साहेबासमोर केलेला हा युक्तिवाद आजही वाचण्यासारखा आहे. तो वाचल्यावर ‘अंदाजपत्रक समतोल आहे’ एवढ्याने कोणी समाधान मानणार नाही. तोल कोणाच्या खांद्यावर साधला आहे ते त्याने पाहिलेच पाहिजे.

आता महाराष्ट्राच्या हकीकतीकडे वळू. १९७२-७३ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला, त्यांस तांबड्या मिलोच्या भाकरीची चव व दुष्काळी कामावर वाटल्या जाणाऱ्या सुकडीचा वास अद्याप विसरता आलेला नाही. आम्ही त्या वेळी शाळकरी वयाचे होतो. रस्त्याच्या कडेला खडीचे ढीग आणि त्यांच्यामागे डोईवर पदर घेऊन बसलेल्या, हातात हातोडी घेतलेल्या बायका. त्यांत ज्यांच्या घरी कालपरवापर्यंत दोन बैलजोड्या होत्या अशाही होत्या. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यातील अशा कामांवर एका वेळी सुमारे ५० लक्ष माणसे होती. हा आकडा ऐकून आजच्या मुलांस तो छापण्याची चूक वाटते.

त्या कामांच्या मागे एक विचार आधीपासून तयार होता. विधान परिषदेचे सभापती कै. वि. स. पागे हे सांगली जिल्ह्यातील. खेड्यात जो काम मागेल त्यास सरकारने काम दिलेच पाहिजे, ही त्यांची कल्पना. तासगाव तालुक्यात १९६५ च्या सुमारास तिचा लहान प्रमाणावर प्रयोग झाला, आणि १९७२ साली मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्या कारकिर्दीत रोजगार हमी योजना म्हणून ती राज्यभर लागू झाली. दान नको, काम हवे. आणि ते काम सरकारच्या मर्जीने नव्हे, मागणाऱ्याच्या हक्काने. पुढे १९७७ साली विधिमंडळाने तिचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास बेकारी भत्ता, ही अटही त्यात होती.

हे सर्व बहुतेकांस ठाऊक असते. ठाऊक नसते ते हे, की पैसा कोठून आणावयाचा याचे उत्तर कायद्याच्याही आधी दिले गेले होते. १९७५ साली महाराष्ट्राने व्यवसाय कराचा कायदा केला. नोकरदार, वकील, डॉक्टर, व्यापारी, कारखानदार यांच्या मिळकतीतून ठराविक रक्कम कापून घ्यावयाची व ती रोजगार हमीच्या निधीत घालावयाची. घटनेच्या २७६ व्या कलमाप्रमाणे हा कर त्या काळी माणशी वर्षास २५० रुपयांच्या वर नेता येत नसे. १९८८ च्या घटनादुरुस्तीने ती मर्यादा २,५०० झाली. याखेरीज मोटारगाड्यांवरील जादा कर, बागायती जमिनीवरील कर, विक्रीकरावरील अधिभार अशा आणखी काही बाबी होत्या, आणि या करांतून जितके उत्पन्न येईल तितकीच रक्कम सरकारने आपल्या तिजोरीतून त्या निधीत घालावी असा नियम होता. व्यवसाय कराचा फार मोठा वाटा मुंबई शहरातून येई. म्हणजे फोर्टातल्या कचेरीत बसणाऱ्या कारकुनाच्या पगारातून निघालेला रुपया माणदेशातील किंवा बीडकडील पाझर तलावावर माती वाहणाऱ्या बाईच्या हाती पडे. दोघांची भेट कधी होण्याचा संभव नव्हता. परंतु पगारपत्रकावरच्या त्या एका ओळीने दोघे एकमेकांस बांधले गेले होते.

आम्ही मास्तरकी धरली तेव्हापासून ही ओळ आमच्याही पगारपत्रकावर असे. सहशिक्षकांच्या खोलीत तिच्यावरून कुरकूर होई, तशीच चर्चाही होई. “आपले पैसे जातात कोठे?” असे एकाने विचारले, की मराठवाड्यातून बदलून आलेला दुसरा एखादा आपल्या गावच्या नालाबांधाची गोष्ट सांगे, तिसरा हजेरीपटावरील खोट्या नावांची. हजेरीपटाची लबाडी खरीच होती, अर्धवट टाकलेले रस्तेही खरे होते, आणि पंधरा दिवसांत काम मिळण्याचा हक्क पुष्कळ ठिकाणी कागदावरच राहिला. परंतु ज्याच्या खिशातून पैसा जातो त्यास तो प्रश्न विचारावासा वाटतो, हीच त्या व्यवस्थेची खरी किंमत होती. कर्ज काढून दिलेल्या पैशाविषयी सहशिक्षकांच्या खोलीत कोणी कुरकुरत नाही. तो कोणाचाच वाटत नाही.

पुढे या निधीचीही थोडीबहुत १८७८ च्या निधीसारखीच गत झाली, हे खेदाने नमूद केले पाहिजे. १९८८ नंतर मजुरीचे दर किमान वेतनाइतके झाले, त्यानंतर कामावरील हजेरी बरीच कमी झाली, आणि नव्वदीच्या दशकात कर जमा होत राहिला तरी कामांवर तितका खर्च होईना. न खर्चिलेला पैसा राज्याच्या सामान्य तिजोरीत मिसळून राहिला. कर घ्यावयाचा भुकेल्याच्या नावाने आणि तो पडून राहावयाचा भलत्याच ठिकाणी! तरीही, १९९० पासून याच योजनेस जोडून शेतकऱ्यांस फळबागा लावून देण्याचा जो कार्यक्रम झाला, त्याचे आंबे व डाळिंबे आज बाजारात दिसतात. सारेच व्यर्थ गेले असे नाही. आणि २००५ साली संसदेने ग्रामीण रोजगार हमीचा जो देशव्यापी कायदा केला, त्याचा पाया महाराष्ट्राच्या अनुभवावर रचलेला होता. फरक एवढाच की, त्या कायद्याबरोबर कोणताही नवा कर आला नाही. अकुशल मजुरीचा सर्व भार मध्यवर्ती सरकारने सामान्य तिजोरीवर घेतला. २०२५ च्या डिसेंबरात त्या जागी नवा कायदा झाला. दिवस १०० ऐवजी १२५ झाले आणि बहुतेक राज्यांस आता खर्चाचा ४० टक्के वाटा उचलावयाचा आहे. राज्यांनी तो कोठून आणावा, याविषयी कायदा काही सांगत नाही.

मध्यंतरी तुटीस लगाम घालण्याचाही कायदा झाला. २००३ च्या त्या कायद्याने राजकोषीय तूट ३ टक्क्यांवर आणावयाची व महसुली तूट नाहीशी करावयाची असे ठरले. ठरलेली मुदत पुढे ढकलली गेली, २००८ च्या जागतिक आपत्तीत ती मोडली, पुन्हा ठरली, कोरोनात पुन्हा मोडली. संकटाच्या वर्षी ती मोडली याचे दुःख नाही. दुःख आहे ते चांगल्या वर्षीही ती पाळली जात नाही याचे.

आता ताज्या उदाहरणाकडे. २०२४ च्या जून महिन्यात महाराष्ट्र सरकारने ‘माझी लाडकी बहीण’ योजना जाहीर केली. २१ ते ६५ वयाच्या, अडीच लक्ष रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबातील स्त्रियांस दरमहा १,५०० रुपये. वर्षाचा अंदाजी खर्च ४६,००० कोटी. या योजनेची थट्टा करणाऱ्यांत आम्ही नाही. आयुष्यभर ज्या बाईच्या हाती स्वतःचे म्हणून चार पैसे आले नाहीत, तिच्या नावे बँकेत पंधराशे रुपये जमा होणे म्हणजे काय, हे ज्याने आपल्या घरच्या स्त्रियांस फोडणीच्या डब्यात रुपये लपविताना पाहिले आहे त्यास समजावून सांगावे लागत नाही. परंतु ज्या अंदाजपत्रकात ही योजना जाहीर झाली, त्याच अंदाजपत्रकात मुंबई भागातील पेट्रोल व डिझेलवरील कर कमी केला गेला, आणि राज्याची महसुली तूट सुमारे २० हजार कोटींची दाखविली गेली. एका हाताने वाढावयाचे आणि दुसऱ्या हाताने जमाही कमी करावयाची! १९७५ साली सरकारने सांगितले होते, “अमुक इतके तुमच्याकडून घेऊ व अमक्यास देऊ.” २०२४ साली अर्धेच वाक्य उच्चारले गेले. उरलेले अर्धे वाक्य आज पाळण्यात असलेल्या मुलांस वीस-पंचवीस वर्षांनी ऐकू येईल.

येथवर वाचून ‘रेवडी’ पक्षाचे आमचे स्नेही खूष झाले असतील. त्यांस आता थोडे थांबवून आपल्याच घरात डोकावण्यास सांगावयाचे आहे.

२०२५-२६ च्या मध्यवर्ती अंदाजपत्रकात अन्नधान्यावरील अनुदान सुमारे २.०३ लक्ष कोटी रुपये होते. या रकमेतून सुमारे ८० कोटी लोकांस रेशनचे धान्य मिळते. २०१३ च्या कायद्याने जे धान्य एक ते तीन रुपये किलोने मिळे ते १ जानेवारी २०२३ पासून विनामूल्य झाले आहे. त्याच अंदाजपत्रकात मध्यवर्ती सरकारच्या, लष्करासह, निवृत्तिवेतनाचा आकडा आहे सुमारे २.७७ लक्ष कोटी; आणि ते घेणारे एक कोटीहूनही कमी आहेत. त्याच वर्षी १२ लक्ष रुपयांपर्यंतच्या उत्पन्नावर प्राप्तिकर पडणार नाही अशी सवलत जाहीर झाली, आणि तीमुळे सुमारे एक लक्ष कोटी रुपयांच्या प्रत्यक्ष करावर पाणी सोडावे लागेल असे अर्थमंत्र्यांनीच सांगितले. साऱ्या देशाच्या ग्रामीण रोजगार हमीसाठी त्या वर्षी ठेवलेली रक्कम होती ८६,००० कोटी. करसवलतीच्या दिवशी आमच्या ओळखीच्या घरांतून पेढे वाटले गेले. त्या पेढ्यांस रेवडी म्हणालेले आम्ही कोणी ऐकले नाही.

आम्ही स्वतः जुन्या पद्धतीचे निवृत्तिवेतन घेतो, आणि ते आमच्या सेवेच्या करारातलेच आहे असे आमचे प्रामाणिक मत आहे. परंतु ते ज्या तिजोरीतून येते तीच तिजोरी बहिणींचे पंधराशे रुपये देते, आणि ती दोन्हींसाठी कर्ज काढते. राज्यात १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीस लागलेल्यांस हे निवृत्तिवेतन लागू नव्हते. म्हणून २०२३ च्या मार्चमध्ये राज्य कर्मचाऱ्यांनी आठवडाभर संप केला. संपकऱ्यांची तगमग आम्हांस कळते, त्यांत आमच्या हाताखाली शिकलेली मुले होती. पण त्या संपाच्या दिवसांत एकाही सभेत “याकरिता अमुक कर वाढवा, तो आम्हीही देऊ” असे कोणी म्हटल्याचे आमच्या वाचनात आले नाही. वृद्धापकाळाची हमी हवी, करसवलत हवी, मुलांस अनुदानित शिक्षण हवे, आणि तूट मात्र मोलकरणीच्या पंधराशे रुपयांमुळे होते, असा हा आपल्या वर्गाचा हिशेब आहे. गोखल्यांनी तो तपासावयास घेतला असता तर पहिल्याच पानावर लाल रेघ मारली असती.

एकत्र कुटुंबात वाढलेल्यांस ही गोष्ट समजण्यास जड जाऊ नये. तेथे मिळविणारे तिघे आणि जेवणारे चौदा असत. विधवा आत्याचे लुगडे, आजोबांचे औषध, शिकावयास राहिलेल्या भाच्याची फी यांस कोणी उधळपट्टी म्हणत नसे. पण ती फी कोणाच्या पगारातून जाते हे भाच्यास ठाऊक असे, आणि त्या वर्षी थोरल्या वहिनीच्या पाटल्या का झाल्या नाहीत हेही साऱ्या घरास ठाऊक असे. घर चालत असे ते या ठाऊक असण्यावर. ज्या घरात कर्त्याने सर्वांस गुपचूप खूष ठेवून कागदावर सह्या केल्या, त्या घरांचे वाडे पुढे कोणाच्या नावावर झाले याच्या कथा प्रत्येक आळीत सापडतील.

आमची मागणी म्हणून मोठी नाही. कोणतीही योजना जाहीर करताना सरकारने तिच्या खर्चाच्या आकड्याखालीच आणखी एक ओळ छापावी : हा पैसा अमक्या करातून, अथवा अमका खर्च कमी करून, अथवा कर्ज काढून. कर्ज असल्यास ते कोणत्या साली फिटेल तेही लिहावे. आणि करसवलत जाहीर करतानाही तीच ओळ छापावी.

तोपर्यंत वाचकांनी एक लहानसे काम घरच्या घरी करून पाहण्यासारखे आहे. मुलाचे वा सुनेचे पगारपत्रक मागून घ्यावे. व्यवसाय कराची ओळ त्यावर अद्याप असते : पूर्ण दराने कर भरणाऱ्याची दरमहा २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, मिळून वर्षाचे २,५००. स्त्रियांस दरमहा २५,००० रुपयांच्या पगारापर्यंत २०२३ पासून ही कपात माफ आहे, तेव्हा सुनेच्या कागदावर ती नसेलही. ती ओळ दाखवून, हा पैसा कशासाठी कापला जाऊ लागला, एवढे पंगतीस विचारून पाहावे. आमच्या घरी पाच मिळवत्या माणसांपैकी एकासही सांगता आले नाही. ७२ च्या दुष्काळात लहान असलेल्या आमच्या धाकट्या बहिणीने मात्र वाढता वाढता उत्तर दिले, आणि मग जेवण आटोपेपर्यंत सुकडीच्याच गोष्टी चालल्या.